खाटेपुरते संरक्षण

सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी घेतला आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला, धन्वंतरी जयंतीचा मुहूर्त साधून, तो अमलात आणला. साडेचार कोटी कुटुंबांतील सुमारे सहा कोटी वृद्धांना त्याचा लाभ होईल, असा सरकारचा अंदाज होता. या निर्णयाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. सरकारी साह्याच्या खिडकीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला आपल्याकडे आधी आपण किती दीन आहोत हे सिद्ध करावे लागते. केंद्राच्या या योजनेने तो दाखला मागितला नाही. वय पुरेसे मानले. निवृत्त शिक्षक, कारकून, लहान दुकानदार, एकेकाळचा गिरणी कामगार असा जो मोठा वर्ग गरिबीच्या सरकारी व्याख्येत बसत नव्हता आणि खासगी विम्याचा हप्ताही ज्याला परवडत नव्हता, त्याच्या हाती प्रथमच काही लागले.

हा बदल किती मोठा आहे हे समजण्यासाठी मूळ योजनेकडे पाहावे लागते. आयुष्मान भारत योजनेतील रुग्णालयीन उपचारांचा भाग २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून सुरू झाला, तेव्हा लाभार्थी ठरवण्यासाठी २०११ची सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणना प्रमाण धरण्यात आली होती. ग्रामीण कुटुंबाची वंचितता ठरवणाऱ्या तिच्या निकषांत दोन निकष विशेष बोलके होते. ज्या घरात सोळा ते एकोणसाठ वयाची एकही व्यक्ती नाही ते घर वंचित. आणि ज्या घरात अपंग व्यक्ती आहे, पण धडधाकट प्रौढ कोणीही नाही, तेही वंचित. वार्धक्य आणि अपंगत्व यांची दखल शासनाने घेतली खरी, पण घरातला शेवटचा कमावता हात नाहीसा झाल्यावर. मुलगा एखाद्या दुकानात पाच-सात हजारांवर राबत असला, तरी या हिशेबाने त्याच्या अंथरुणाला खिळलेल्या बापाला आधार आहे असे धरले जाई. भारतीय कुटुंबसंस्थेच्या गौरवाची भाषणे आपल्याकडे पुष्कळ होतात. तिच्या खांद्यावर सरकारने किती भार टाकला आहे, हे मात्र अशा निकषांतच वाचावे लागते.

वयाची सत्तर ही रेषा कोठून आली, याचे समाधानकारक उत्तर नाही. ज्येष्ठ नागरिक व मातापित्यांच्या चरितार्थासंबंधीचा २००७चा कायदा साठ वर्षांच्या व्यक्तीला ज्येष्ठ मानतो. केंद्राचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतनही साठीलाच सुरू होते. ते साठ ते एकोणऐंशी या वयात महिना दोनशे रुपये आहे आणि जवळजवळ दोन दशके तेवढेच राहिले आहे, ही गोष्ट वेगळी. देशात साठीच्या पुढच्या लोकांची संख्या २०२१ मध्ये सुमारे पावणेचौदा कोटी असावी, असा सरकारी अंदाज होता. म्हणजे वृद्धांपैकी निम्म्याहून अधिक माणसे या रेषेच्या अलीकडे राहिली. मधुमेह, रक्तदाब आणि सांधेदुखी सत्तरीची वाट पाहत नाहीत. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२५ मध्ये ही मर्यादा साठीवर आणण्याची शिफारस केली, ती योग्यच होती.

वयाच्या पुराव्याचा एक प्रश्न येथेच नोंदवावा. योजनेसाठी वय आधारपत्रावरून ठरते. आधारपत्र हा जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात २४ ऑक्टोबर २०२४ रोजी म्हटले आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याला अधिक वजन दिले. त्यानंतर पाचच दिवसांनी देशातील वृद्धांचे वय आधारपत्रावरून मोजण्यास प्रारंभ झाला! ज्या पिढीतील असंख्य स्त्रियांनी शाळेचे तोंडही पाहिले नाही, ज्यांचा जन्म 'त्या मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली' अशा खुणेने घरात लक्षात ठेवला गेला, त्यांच्या आधारपत्रावरील वय हे नोंदणीच्या दिवशी समोर बसलेल्या मुलाने चेहरा पाहून घातलेले वय असण्याचा संभव पुष्कळ आहे. चार-पाच वर्षांची चूक तरुणाला जाणवत नाही. सदुसष्टच्या जागी बहात्तर किंवा बहात्तरच्या जागी सदुसष्ट लिहिले गेले, तर येथे पाच लाखांचा फरक पडतो.

पंधरा दिवसांनंतर काय?

परंतु वयाची मर्यादा हा या विषयातला दुय्यम मुद्दा आहे. ती उद्या साठीवर आली तरी मूळ अडचण कायम राहील. ही योजना रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाची आहे. रुग्णालयात खाट मिळाली की ती सुरू होते आणि खाट सोडली की थोड्याच दिवसांत संपते. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी पाठवल्यानंतरचे पंधरा दिवस, इतक्या काळातील तपासण्या व औषधे तिच्यात धरली आहेत. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगावरील उपचार, मोतीबिंदू, गुडघ्याचा सांधा बदलणे यांसाठी ही रचना चांगली आहे. वार्धक्याचे आणि अपंगत्वाचे आजारपण मात्र बहुधा वेगळ्या जातीचे असते. ते एकदा येऊन बरे होत नाही, मुक्कामाला येते.

समजा, मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी बहात्तर-चौऱ्याहत्तर वर्षांचे जोडपे राहते. बाई न्हाणीघरात घसरून पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. जिल्ह्याच्या ठिकाणी योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होते, कार्डावर तिचा खर्च भागतो, आणि कुटुंबावर कर्ज काढण्याची पाळी येत नाही. येथपर्यंत योजनेने आपले काम चोख केले. सोळाव्या दिवसापासून काय होते? चालते करण्यासाठी व्यायाम शिकवणारा तज्ज्ञ हवा. तो तालुक्याला नसतो, असला तर घरी येण्याचे दर खेपेला पैसे घेतो. कमोडची खुर्ची हवी, वॉकर हवा, पहिले काही आठवडे डायपर हवेत, हाडे ठिसूळ झाली असतील तर त्याची औषधे वर्षानुवर्षे हवीत. उठवायला-बसवायला माणूस हवे. यजमानांना स्वतःला मधुमेह. त्यांच्या गोळ्यांचा खर्च महिन्याच्या महिन्याला आहेच. यातल्या एकाही गोष्टीला पाच लाखांतला एक रुपया लागू होत नाही. व्यायाम नीट न झाल्यामुळे बाई कायमच्या अंथरुणावर राहिल्या, तर शस्त्रक्रियेवर सरकारने केलेला खर्चही वाया गेला असेच म्हणावे लागेल. मात्र पुढे पाठीला जखमा होऊन त्यांत विष पसरले आणि त्यांना पुन्हा दाखल करावे लागले, तर कार्ड पुन्हा उपयोगी पडते! आजार बळावल्यावर पैसे देणारी आणि तो बळावू नये यासाठी काहीही न देणारी ही रचना आहे.

मूत्रपिंडे निकामी झालेल्यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. डायलिसिसचा खर्च योजनेत येतो, आणि ही मोठीच सोय आहे. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा, वर्षाचे बाराही महिने, रुग्णाला यंत्रापर्यंत पोचावे लागते. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. महाराष्ट्रात पंचाहत्तरीपुढच्या नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे; पण डायलिसिस करून गळून गेलेला रुग्ण एस.टी.च्या फलाटावर दोन तास बसू शकत नाही, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या मुलाची त्या दिवसाची मजुरी कोणी भरून देत नाही. उपचार फुकट आणि उपचारापर्यंतची वाट महाग, अशी ही स्थिती आहे.

दाखल न होता करावयाच्या उपचारांचे महत्त्व शासनाला कळत नाही, असे कोणी म्हणू नये. ते चांगले कळते. केंद्र सरकारी नोकरांसाठी १९५४ मध्ये दिल्लीत जी आरोग्य योजना सुरू झाली, तिच्यात दवाखान्यातली तपासणी आणि रोजची औषधे पहिल्यापासून आहेत, आणि निवृत्तांनाही ती मिळतात. कामगार राज्य विमा योजनेतही तेच. तीत किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व पत्नीसाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. (ही तरतूद माहीत नसल्यामुळे तिचा फायदा न घेणारे पुष्कळ असतील.) सरकारने आपल्या नोकरांसाठी आणि संघटित कामगारांसाठी जी रचना योग्य मानली, तीच बाकीच्या वृद्धांसाठी मात्र परवडत नाही असे गृहीत धरले गेले आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा लहान नाही. तरी शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून खिशातूनच जातात, आणि या खर्चात औषधांचा भाग मोठा आहे. वृद्धांच्या प्रकृतीविषयी २०१७-१८ मध्ये केलेल्या राष्ट्रव्यापी पाहणीचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साठीपुढील शंभरांपैकी पंचाहत्तर जणांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार असल्याचे आणि चाळिसांना काही प्रकारचे अपंगत्व असल्याचे आढळले. त्याच पाहणीच्या आधारे झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशात स्मृतिभ्रंशाचे सुमारे ८८ लाख वृद्ध रुग्ण असल्याचा अंदाज दिला. स्मृतिभ्रंशावर शस्त्रक्रिया नाही. त्या रुग्णाला रुग्णालयाची खाट नको असते. दाराला कडी आणि दिवसरात्र लक्ष ठेवणारे माणूस हवे असते.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्राचा दाखला या ठिकाणी महत्त्वाचा ठरतो. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्व राज्याला लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. कुटुंबामागे दीड लाखाची मर्यादा पुढे पाच लाखांवर गेली, आणि जुलै २०२४ पासून पिवळ्या-केशरी-पांढऱ्या शिधापत्रिकांचा भेद न करता ती राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली. कागदावर पाहिले तर या राज्यातील साठीचा वृद्धही आणि तिशीतला अपंगही रुग्णालयीन उपचारांपुरता सुरक्षित आहे. सत्तरीपुढच्याला केंद्राचे स्वतंत्र पाच लाख त्यावर आणखी. मग या राज्यातल्या वृद्धाचा औषधांचा प्रश्न सुटला आहे काय? कोणत्याही तालुक्याच्या गावी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात औषधांच्या दुकानासमोर उभे राहिले तर उत्तर मिळते. पेन्शन झाल्यावर गोळ्यांची पाकिटे घेणारे आणि 'पंधरा दिवसांचीच द्या, उरलेली नंतर नेतो' म्हणणारे तेथे दिसतात. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान वेतन २०१४ मध्ये महिना एक हजार रुपये ठरले, हे ध्यानात घेतले म्हणजे या 'नंतर'चा अर्थ कळतो.

राज्याने दुसरीही एक गोष्ट केली आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत केसपेपरासह सर्व उपचार निःशुल्क झाले. दाखल न होणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा निर्णय विमा योजनेहूनही मोलाचा होता. परंतु निःशुल्क खिडकीच्या आत औषधांचे कपाट भरलेले हवे. तामिळनाडूने औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ १९९४ मध्ये काढले. महाराष्ट्रात खरेदीचे काम आधी विभागाविभागांत वाटलेले होते, मग ते हाफकिनकडे गेले आणि रखडले. स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. रक्तदाबाची गोळी ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. ती दर महिन्याला, त्याच केंद्रावर, न चुकता मिळणे एवढेच तिचे मोल आहे. तीन महिने मिळून चौथ्या महिन्यात 'साठा नाही' असे ऐकावे लागले की रुग्ण पुन्हा बाजारातल्या दुकानाकडे वळतो, आणि ज्याच्याजवळ पैसे नसतात तो गोळी बंद करतो. पुढे अर्धांगाचा झटका आला की त्याचे कार्ड कामाला येते.

खासगी विम्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. विमा नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२४ पासून पासष्टीची अट काढली, जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता परवानगीशिवाय वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवण्यास मनाई केली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर रद्द झाला. हे सर्व ठीक आहे; पण ज्याला हप्ताच भरता येत नाही त्याला करमाफीचे काय कौतुक असणार?

कायदा आणि अपंग

वृद्धांच्या बाबतीत निदान एक मोठे पाऊल पडले. अपंगांच्या बाबतीत कायदा पुढे गेला आणि योजना मागे राहिल्या. ('अपंग' या शब्दाऐवजी 'दिव्यांग' म्हणावे, असे पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मधील आकाशवाणीवरील भाषणात सुचवले आणि शासनव्यवहारात तो शब्द रुळला. शब्द बदलणे हे सर्वांत स्वस्त कल्याणकार्य आहे.) १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते; २०१६च्या कायद्याने ते एकवीस केले. त्या कायद्याचे पंचविसावे कलम अपंगांना घराजवळ, विशेषतः ग्रामीण भागात, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ठरवून मोफत आरोग्यसेवा देण्यास सांगते. चोविसावे कलम सामाजिक सुरक्षेच्या योजना आखण्यास सांगते आणि इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा अपंगांना किमान पंचवीस टक्के अधिक साह्य असावे, असेही बजावते. ज्यांना कोणत्याही सरकारी विम्याचे छत्र नाही अशा अपंगांसाठी सर्वंकष विमा योजनेचा उल्लेखही तेथे आहे. हे सर्व 'आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत' करावयाचे आहे. कायदा करणाऱ्यांनी दार उघडताना कडी हाताशी ठेवली, ती ही.

या तरतुदींशी वास्तवाची तुलना करावी. सत्तर वर्षांच्या धनिकालाही वयाच्या आधारे पाच लाखांचे संरक्षण आहे. ऐंशी टक्के अपंगत्व असलेल्या पस्तीस वर्षांच्या तरुणाला अपंगत्वाच्या आधारे केंद्राकडून तसे काही नाही. त्याला ते मिळाले तर गरिबीच्या यादीतून किंवा राज्याच्या मेहेरबानीने मिळते. २०१५ मध्ये अपंगांसाठी दोन लाखांपर्यंतची एक विमा योजना सुरू झाली होती, हप्त्याचा बहुतांश भार सरकार उचलणार होते. ती थोड्याच वर्षांत बंद पडली. केंद्राचे अपंग निवृत्तिवेतन दारिद्र्यरेषेखालील ऐंशी टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना महिना तीनशे रुपये आहे. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढण्यात पुढाकार घेतला, आणि २०२५ मध्ये अपंगांचे मासिक अनुदान दीड हजारावरून अडीच हजार केले. या वाढीमागे आंदोलनांचा रेटा होता, हे विसरता येत नाही.

विशेष म्हणजे अपंगांच्या गरजेला साजेशी योजना कशी असते, याचा नमुना सरकारच्याच दप्तरात आहे. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी २००८ पासून चालू आहे. तिची मर्यादा एक लाख रुपयांचीच. पण तिच्यात दाखल न होता केलेल्या तपासण्या, औषधे, नियमित व्यायाम व वाचा-उपचार, इतकेच काय, थोडा प्रवासखर्चही धरलेला आहे. नोंदणीपूर्वी वैद्यकीय तपासणीची अट नाही. ज्या कोणी ही योजना आखली, त्याने अशा मुलाच्या आईचा आठवडा कसा जातो हे पाहिले असावे. दोष आहेत: पैसे आधी स्वतः भरून मग मागावे लागतात, एक लाख ही रक्कम आजच्या दरांत तोकडी आहे, आणि एकवीसपैकी चारच प्रकारांना ती लागू आहे. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार अपंगांची नोंद झाली. मणक्याला इजा होऊन कमरेखाली लुळा पडलेला तरुण, हिमोफिलियाचा रुग्ण, स्नायू झिजत जाणारा मुलगा हे सारे 'निरामय'च्या बाहेर आहेत. ती सर्व एकवीस प्रकारांना लावून मर्यादा वाढवणे, यासाठी नव्या विचाराची आवश्यकता नाही; आहे त्याचा विस्तार करावयाचा आहे.

पैशाचा आणि गैरव्यवहाराचा प्रश्न

अशा विस्ताराला दोन आक्षेप घेतले जातात. पहिला पैशाचा. सत्तरीपुढच्यांच्या योजनेसाठी मंत्रिमंडळाने सुरुवातीला सुमारे ३,४३७ कोटी रुपयांची तरतूद केली. सहा कोटी लाभार्थ्यांत वाटली तर ती माणशी पावणेसहाशे रुपयांच्या घरात जाते. पाच लाखांचा आकडा जाहिरातीत मोठा दिसतो. अंदाजपत्रकात तो असा दिसतो. दुसरा आक्षेप गैरव्यवहाराचा आहे आणि तो अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. महालेखापरीक्षकांच्या ऑगस्ट २०२३च्या अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेले आढळले, आणि नोंदींनुसार मृत झालेल्या रुग्णांवरही उपचार झाल्याचे दाखवलेले होते. रुग्णालयातल्या मोठ्या बिलांची ही गत, तर दवाखान्यातल्या शंभर-दोनशे रुपयांच्या कोट्यवधी बिलांची छाननी कोण करणार? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच दाखल न होणाऱ्या रुग्णाचा प्रश्न विम्याच्या मार्गाने सोडवण्यापेक्षा सरकारी सेवेच्या मार्गाने सोडवणे शहाणपणाचे ठरते. जेथे बिलच नाही, तेथे खोटे बिल नाही.

हे स्वप्नरंजन नव्हे. तामिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये कृष्णगिरी जिल्ह्यातून घरोघरी औषधे पोचवण्याची योजना सुरू केली. रक्तदाब व मधुमेह यांच्या रुग्णांना महिन्याची औषधे दारात मिळतात, आणि जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्याकडे व्यायामतज्ज्ञ व परिचारिका जातात. केरळने २००८ मध्ये वेदनाशमन व परिहार सेवेचे धोरण स्वीकारले आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी परिचारिका नेण्याचे काम पंचायतींवर सोपवले. गावचे स्वयंसेवक तिच्यासोबत जातात. ही दोन्ही राज्ये श्रीमंत देशांच्या पंक्तीतली नाहीत. त्यांच्याजवळ चालू स्थितीतली प्राथमिक केंद्रे होती, हा खरा फरक. महाराष्ट्रात पंचायतराज्याची परंपरा जुनी आहे, आशा कार्यकर्त्या वाडीवस्तीपर्यंत पोचलेल्या आहेत, आणि स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के अपंगांवर खर्च करावेत असा शासनाचा आदेशही आहे. हा निधी पुष्कळ ठिकाणी पडून राहतो, वा वर्षअखेरीस घाईने वस्तू वाटून संपवला जातो, अशी अपंगांच्या संघटनांची जुनी तक्रार आहे. दहा-बारा ग्रामपंचायतींनी तो एकत्र करून एक व्यायामतज्ज्ञ फिरता ठेवला, तर शिलाई यंत्रे वाटण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

श्रीमंत देशांनाही हा प्रश्न सुटलेला नाही, हे सांगणे प्राप्त आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी ज्या कायद्यावर सही केली, त्यातून वृद्धांचा 'मेडिकेअर' हा विमा आणि गरिबांसाठी राज्यांमार्फत चालणारे 'मेडिकेड' हे वैद्यकीय साह्य जन्माला आले. मेडिकेडच्या लाभार्थ्यांत वृद्ध आणि अपंग मिळून फार तर चौथा हिस्सा असतात. खर्च मात्र निम्म्याच्या घरात त्यांच्यावर होतो, कारण दीर्घकाळची शुश्रूषा हीच खरी खर्चाची बाब असते. त्या देशात शुश्रूषागृहाचा खर्च शासनाकडून मिळवण्यासाठी बहुतेक राज्यांत माणसाला आयुष्याची शिल्लक जवळजवळ शून्यावर आणावी लागते. जुलै २०२५ मध्ये तर तेथील संसदेने त्या साह्यालाच मोठी कात्री लावली. जपानने २००० सालापासून शुश्रूषेचा स्वतंत्र सक्तीचा विमा काढला. चाळिशी गाठलेला प्रत्येक नागरिक त्याचा हप्ता भरतो. तरुणपणी भरून म्हातारपणी घ्यावयाचे हे तत्त्व आपल्याकडे अद्याप चर्चेलाही आलेले नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येपैकी ९.९ टक्के, म्हणजे १ कोटी ११ लाख लोक साठीच्या पुढे होते. हे प्रमाण केवळ वाढणारच आहे, आणि मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेली घरे तालुक्यातालुक्यांत दिसू लागली आहेत.

आज ही शुश्रूषा कोण करते? घरातली स्त्री करते. पत्नी, सून, अविवाहित राहिलेली मुलगी. ती नोकरी सोडते, तिची पाठ जाते, आणि तिच्या श्रमाची नोंद कोणत्याही लेख्यात होत नाही. फार मोठ्या आधाराची गरज असलेल्या अपंगांसाठी शुश्रूषाभत्ता असावा, असे २०१६चा कायदा चोविसाव्या कलमात म्हणतो. केरळने असा भत्ता त्या कायद्याच्याही आधी, २०१० मध्ये, 'आश्वासकिरणम्' या नावाने सुरू केला. पूर्ण वेळ अंथरुणावर असलेल्या माणसाला सांभाळणाऱ्यासाठी त्याची रक्कम महिना सहाशे रुपये ठरली. म्हणजे दिवसाला वीस रुपये. पुण्या-मुंबईत दिवसपाळीला ठेवलेल्या मावशीच्या तासाभराच्या पैशांइतकेही ते होत नाहीत.